जवारी लागेपर्यंत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारी शिरलं की वाद्यं दिसायच्या आधी कानशीचा आवाज येतो. मग एक तार छेडली जाते, दोन क्षण शांतता, आणि परत कानस. अशाच एका दुपारी एका दुकानाच्या बाकड्यावर तिघं बसले होते. तंबोरा मामींचा. आयुष्यभर गाणं शिकवलेल्या मामींच्या मते पावसाळ्यापासून त्याचा आवाज ‘बसला’ होता. मामा शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले आणि पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात रमलेले. सोबत त्यांची भाची. ती स्पीच थेरपिस्ट. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं रोजचं काम.

कारागिरानं तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तारा सैल केल्या आणि घोडी मोकळी केली. घोडी म्हणजे तबलीवरचा तो रुंद तुकडा, ज्याच्या अंगावरून तारा जातात. लांबून ती सपाट दिसते. सपाट नसते, तिला अगदी हलका उतार असतो, आणि तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी थरथरली की तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजत राहणारा नाद उमटतो. हा उतार जमवणं म्हणजे जवारी. कानशीचे चार हात जास्त पडले तर केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. हातात मोजपट्टी नाही, समोर यंत्र नाही. माणूस घासतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा घासतो.

“बघा मामा,” भाची हळूच म्हणाली. “अर्धा तास झाला. हे एकसारखा विचार करतायत, ठरवतायत, चुकलेलं सुधारतायत. आणि शब्द एक नाही.”

“तोंडात नाही. डोक्यात नाही कशावरून? मघाशी तुझी मामी त्यांना म्हणाली, जवारी बंद झालीय, जरा खुली हवी. खुली, बंद. हे शब्दच नसते तर एकाचं दुसऱ्याला काय कळलं असतं?”

“एकाचं दुसऱ्याला कळलं नसतं. त्यांचं त्यांना कळलंच असतं.”

वाद खरं म्हणजे इथेच मिटायला हरकत नव्हती. पुढचा तास दोघांनी या दोन वाक्यांवर भाष्यच केलं. पण मामा मुद्रितशोधक. हातात आलेला मजकूर ते काना-मात्रेसकट सोडवून घेतात.

त्यांनी थेट पाचव्या शतकाच्या आसपासचा भर्तृहरी गाठला. ‘वाक्यपदीया’त त्याचा दावा असा, की शब्दानं ओवलेली नाही अशी जाणीवच जगात नाही, वस्तू दिसते तीसुद्धा शब्दाच्या अंगानंच. भाचीनं बौद्ध नैयायिक दिङ्नाग पुढे केला. त्याच्या मते शुद्ध प्रत्यक्ष हे कल्पनेच्या, म्हणजे नावं-जाती चिकटवण्याच्या, आधीचं असतं. “झालं,” मामी म्हणाल्या, “दीड हजार वर्षांत निकाल नाही, तो तुम्ही चहा येईपर्यंत लावा.”

मग मामांनी घरचाच पुरावा काढला. मराठीत ‘विचार’ आणि ‘विचारणं’ ही एकाच घरातली. विचार करणं म्हणजे स्वतःला प्रश्न विचारणं, आणि प्रश्न विचारायला बोली लागते. आपली भाषाच साक्ष देते, यावर आणखी काय हवं?

“मग ‘सुचणं’ कुठल्या घरातलं?” भाचीनं विचारलं. “मी विचार करते, पण मला सुचतं. तिथे मी कर्तासुद्धा नाही. उमजतं, आठवतं, खटकतं, अंदाज येतो. यातल्या कशाला प्रश्नोत्तरं लागतात? गर्दीत रस्ता ओलांडताना तुम्ही मनात वाक्यं रचता का? रचलीत तर दवाखान्यात माझ्याकडेच याल.”

मामांना ‘खटकतं’ आवडलं. एखादं पान चाळताना काहीतरी चुकलंय हे आधी खटकतं, कुठली वेलांटी ते मागाहून सापडतं, हे त्यांनीच बोलून दाखवलं आणि मग बोललो याचा त्यांना जरा पश्चात्ताप झाल्यासारखा दिसला.

भाचीचा खरा पुरावा तिच्या कामातला होता. डॉक्टर ज्याला अफेझिया म्हणतात तो वाचाघात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या, भाषा सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली की बहुतेकांचा बोलण्याचा आणि पुष्कळदा बोललेलं समजण्याचाही मार्ग बंद होतो. अशा माणसाला तहान लागली तरी ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण घरात गणपतीची आरती सुरू झाली की तो कडवंच्या कडवं सगळ्यांबरोबर म्हणू शकतो. म्हणजे शब्द आहेत आणि त्यांच्यामागे काही म्हणायचं नाही. याच्या उलट बाजूला तोच माणूस पत्त्यांत तुम्हाला हरवतो, औषधाच्या गोळ्यांत चूक झाली तर हात धरतो. तिथे म्हणायचं आहे आणि शब्द नाहीत.

“हे झालं तुझं रोजचं. कुणी तपासून पाहिलंय?”

पाहिलंय. ब्रिटनमधल्या रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तीव्र वाचाघात झालेल्या तीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी कुणाला मारलं, हे फक्त वाक्यरचनेवरून ठरत असेल तर त्या तिघांना ते कळत नव्हतं. इंग्रजीत हा फरक शब्दांच्या क्रमावर असतो. मराठीत तो ‘ने’ आणि ‘ला’वर असतो. वाघाने माणसाला, की वाघाला माणसाने? त्यांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पण 59 मधून 13 आणि 13 मधून 59 यांतला फरक त्यांना नीट कळत होता, आणि कंसातली गणितंही सुटत होती. वाक्यातला क्रम हरवला होता, गणितातला शाबूत होता. मामा इथे थोडा वेळ गप्प बसले. व्याकरण हा विचाराचा सांगाडा, असं ते वर्गात पुष्कळदा सांगत आले होते.

भाचीनं लगेच पुढचा साक्षीदार आणला, तोही मामींकडे बघून. रशियन संगीतकार विसारियन शेबालिन. 1953 मध्ये पहिला झटका, 1959 मध्ये दुसरा. त्यानंतर त्यांचं बोलणं आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं दोन्ही फार खालावलं. तरी ते लिहीत राहिले, आणि पाचवी सिंफनी त्यांनी 1962 मध्ये पूर्ण केली. पुढच्या वर्षी ते गेले. मेंदूविज्ञानी अलेक्झांडर लुरिया आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर 1965 मध्ये शोधनिबंध लिहिला.

“यात काय नवल?” मामी म्हणाल्या. “यमन काय शब्दात असतो?”

भाची आता जिंकल्यातच जमा होती. एमआयटीच्या एव्हलिना फेडोरेन्को यांचं नाव तिनं हुकमाचं पान टाकावं तसं टाकलं. माणूस वाक्य वाचताना, ऐकताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो गणित करताना, संगीत ऐकताना, कोडी सोडवताना बहुतांशी स्वस्थ असतो, हे त्यांनी मेंदूच्या स्कॅनवरून वर्षानुवर्षं दाखवलं. 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी सरळच मांडलं, की भाषा मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार करण्याचं नव्हे.

मामांनी चष्मा पुसला. वर्गात पोरांनी चुकीचं उत्तर एकमुखानं दिलं की ते असेच चष्मा पुसत असणार.

“तुझी सगळी माणसं,” ते म्हणाले, “आधी बोलत होती. तुझे रोगी, ते तीन इंग्रज, तो शेबालिन. पन्नास-साठ वर्षं भाषेत मुरली आणि मग भाषा गेली. विहिरीवरचा रहाट मोडला म्हणून विहीर भरलेली नव्हती असं होत नाही. भाषा गेलेला माणूस मला नको दाखवूस. भाषा कधीच न मिळालेला दाखव.”

हा आक्षेप खरा जोरदार आहे. या विषयावरच्या निम्म्या वादांत लोक एकमेकांवर उदाहरणं फेकतात ती याच दोन वेगळ्या ढिगांतली असतात, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. तान्हेपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलन केलरला तर दोन्ही पक्ष साक्षीला बोलावतात. भाषा मिळण्याआधी आइस्क्रीम हवं असलं की ती यंत्र फिरवल्याची खूण करून कुडकुडून दाखवायची, हे तिनंच आत्मकथेत लिहिलं. आणि भाषेआधी आपण आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, हेही तिनंच पुढे 1908 च्या पुस्तकात लिहिलं. शब्द नव्हते तेव्हाची आठवण शब्दांत सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत टिकायचा नाही.

भाची प्रामाणिक. तिनं निकाराग्वातली माणसं स्वतःहूनच काढली, आणि ती तिच्या बाजूची नव्हती. तिथल्या चार कर्णबधिर प्रौढांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना बोलीभाषा ऐकू आली नाही, खुणांची भाषाही कुणी शिकवली नाही. घरच्यांशी चालवायला त्यांनी स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या. चौघंही मिळवती, बाजार करणारी. कुठली नोट कुठल्या नोटेपेक्षा मोठी हे त्यांना पक्कं ठाऊक. पण समोर मांडलेल्या वस्तू किती ते बोटांनी दाखवा म्हटलं की तीनपर्यंत बरोबर आणि त्यापुढे अंदाज. पाचाला कधी पाच, कधी चार, कधी सहा. भोवती सगळा समाज मोजणारा, खिशात पैसा, आणि तरी ‘नेमके सात’ ही गोष्ट त्यांच्या हाती आली नव्हती.

मामांनी विजयाची आरोळी ठोकली नाही, पण बाकड्यावर जरा पुढे सरकले. “म्हणजे सात हा आकडा झाडावर लागत नाही.”

“लागत नाही,” भाची म्हणाली. “पण अंदाज तर आहे ना? अंदाज हाही विचारच.”

इथे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले पिराहा आले. ब्राझीलमधल्या मैसी नदीकाठच्या या लोकांच्या भाषेत नेमक्या संख्येला शब्दच नाहीत, ‘एक’ यालासुद्धा नाही, असं 2008 च्या एका अभ्यासात दिसलं. संशोधकांनी दोऱ्याची रिळं ओळीनं मांडली आणि तेवढेच फुगे मांडायला सांगितले. पिराहा माणसानं एका रिळासमोर एक फुगा असं करत बिनचूक मांडले. मग रिळं झाकली, किंवा एकेक करून डब्यात टाकली. आता फुगे कमी-जास्त व्हायला लागले. समोर आहे तोवर संख्या कळत होती. नजरेआड झाली की निसटत होती.

“आणि गंमत पुढेच आहे,” असं म्हणून भाचीनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तसेच खेळ अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्यांना दिले, फक्त कानात वाजणारं बोलणं त्याच क्षणी मोठ्यानं म्हणत राहायला लावलं, म्हणजे मनातल्या मनात एक-दोन-तीन करायला जीभ मोकळी राहू नये. शिकलेली, मोजता येणारी माणसं. पण लपवलेल्या वस्तूंच्या बाबतीत तीही पिराहांसारखीच चुकू लागली.

“हे कुणी केलं?”

“बऱ्याच जणांनी मिळून.” ती हसली. “त्यात फेडोरेन्कोही आहेत.”

मामांना आता ज्ञानेश्वर आठवल्याशिवाय राहणार नव्हते. ‘अमृतानुभवा’चं सहावं प्रकरण ‘शब्दखंडन’. नाव खंडनाचं, पण सुरुवातीला ज्ञानेश्वर शब्दाची थोरवी मान्य करतात, आणि ती कशासाठी, तर शब्द आठवण करून देतो म्हणून. मग त्याला पुढच्या वाटेवर निरुपयोगी ठरवतात, ती गोष्ट निराळी. “तुझ्या रिळांचं तेच झालं. रीळ डब्यात गेलं, ‘सात’ हातात राहिलं. शब्द म्हणजे डब्यात गेलेल्याची आठवण.”

“मग आठवण म्हणा. विचार का म्हणता?”

“आठवणीशिवाय कुठला विचार दोन पावलं टाकतो?”

याला भाचीकडे चटकन उत्तर नव्हतं. पण तिनं रस्ता बदलला. अबॅकसच्या क्लासला जाणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत. परीक्षेत त्यांच्यासमोर अबॅकस नसतो. डोळे समोर आणि बोटं हवेत हलत असतात, न दिसणारे मणी सरकवत. वडोदऱ्यातल्या अशा मुलांवर अमेरिकी संशोधकांनी प्रयोग केले. बेरीज करताना त्यांना दुसरंच काही बोलत ठेवलं, तरी त्यांच्या गणिताला फारसा धक्का बसला नाही. ती शब्दांत मोजतच नव्हती, मनातल्या चित्रात मोजत होती. “म्हणजे आठवण ठेवायला शब्दच हवा असंही नाही. मणी चालतात.”

“चालतात. पण मणी आधी कुणीतरी बोलून शिकवले.”

मणी आले म्हणून मामांना लहानपणचे पाढे आठवले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. औटघटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं, हे आता वाक्प्रचार वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. “शब्द मेला,” मामा हळहळले.

“औट गेला, साडेतीन कुठे गेले? मुहूर्त साडेतीनच आहेत, पीठंही साडेतीन.”

“पण वेग गेला. सोळाची औटकी विचारली की वाणी छप्पन्न म्हणून मोकळा व्हायचा. विचार करावा लागायचा नाही.”

“हेच तर मी मघापासून सांगतेय,” भाची म्हणाली. “शब्द विचार करायला नसतात मामा, टाळायला असतात.”

मामी मोठ्यानं हसल्या. कारागिरानंही वर बघितलं, पण हात थांबवला नाही.

मामांनी 2019 ची आठवण काढली. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन दिलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विनोद झाले, विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: मराठीत पंचवीस ऐकताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यात मुलं अडखळतात. एकोणतीसमध्ये तर कानावर तीस पडतं आणि लिहायचा असतो दोनावर नऊ. तेव्हा मामांनी या बदलाविरुद्ध तावातावानं पत्र लिहिलं होतं. आता त्यांना कळून चुकलं की आपण त्या वेळी स्वतःच्याच सिद्धांताविरुद्ध लढलो. भाषेनं विचाराला वळण लागत असेल, तर अवघड वळणंही भाषेचीच म्हणावी लागतात. हे त्यांनी कबूल केलं, फक्त ‘वीस एक’ कानाला भिकार लागतं एवढं राखून.

मग निकाराग्वाची उरलेली गोष्ट. 1977 नंतर मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं एकत्र आली, आणि कुणी न शिकवता त्यांच्यात खुणांची एक नवी भाषा उभी राहिली. पहिल्या तुकडीची भाषा बाळबोध होती; ‘त्याला वाटतं’, ‘तिला ठाऊक आहे’ अशांसाठीच्या खुणा तिच्यात फार कमी. धाकट्या मुलांनी ती समृद्ध केली. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगास यांनी दोन्ही तुकड्यांना चित्रकथा दाखवल्या, ज्यांचा शेवट चित्र निवडून पुरा करायचा. मोठा भाऊ खेळणं पलंगाखाली ठेवून बाहेर जातो, धाकटा ते खोक्यात हलवतो. मोठा परत येऊन कुठे शोधेल?

“पलंगाखाली,” मामी म्हणाल्या.

पहिल्या तुकडीतली, पंचविशी उलटलेली, पुष्कळशी माणसं खोक्याचं चित्र निवडत होती. धाकटी मात्र पलंगाचं. दोनएक वर्षांनी पुन्हा तपासलं. दरम्यान मोठी माणसं धाकट्यांत मिसळली होती, ‘वाटणं’च्या खुणा शिकली होती. आता तीही पलंगाखाली शोधू लागली होती.

बोलणं थोडा वेळ थांबलं. दुसऱ्याला काय ‘वाटत’ असेल हे कळायला ‘वाटणं’ हा शब्द लागतो, हे ऐकून मामांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. “पंचवीस वर्षं,” ते एवढंच म्हणाले. भाचीनं सांगितलं, की जेमतेम शब्द फुटू लागलेल्या, सव्वा वर्षाच्या बाळांच्या नजरेवरून त्यांनाही हे कळत असावं असं 2005 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. पण तसे प्रयोग पुढे सगळ्यांना तसेच साधले नाहीत, हेही तिनंच जोडलं. तिच्या दवाखान्यात उशिरा निदान झालेली बहिरी मुलं येतात. घरचे सांगतात, तसा हुशार आहे, सगळं समजतं त्याला. ती मान डोलावते आणि पहिल्या दिवसापासून त्या घराला खुणा शिकवायला लागते. विचार भाषेशिवाय होतो असं मानणारी बाई भाषेसाठी एक दिवसही थांबायला तयार नसते, याकडे मामांनी बोट दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “मानणं वेगळं मामा. त्या पोराचं वय थांबत नाही.”

घोडी जागेवर बसली. तारा चढल्या, खुंट्या पिळल्या गेल्या, मणी सरकले. कारागिरानं सुताचा बारीक धागा तार आणि घोडी यांच्या मधोमध सरकवला. 1921 मध्ये सी. व्ही. रामन यांनी याच तऱ्हेच्या घोडीवर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडावी त्यानुसार काही स्वरांश उमटायला नकोत असा भौतिकशास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणा यांच्या उतरत्या घोडीवर मात्र ते ऐकू येतात. भाचीच्या मते यात कारागिरांचा जय होता, कारण रामन यांच्या आधी किती पिढ्या ते हातानं जाणत होत्या. मामांच्या मते जय रामन यांचा, कारण मिरजेच्या हातातलं ते लिहिल्यामुळे कुठेही वाचता आलं. वाद पुन्हा पेटणार एवढ्यात मामींनी दोघांना हातानं गप्प केलं.

पंचम, जोड, खर्ज. मामींनी डोळे मिटून चारही तारा दोनदा फिरवल्या.

“जोडाची दुसरी अजून बंद आहे,” त्या म्हणाल्या. “केसभर.”

कारागिरानं नखानं धागा सरकवला, तार छेडली आणि मामींच्या तोंडाकडे बघितलं.